पिवळ्या दिव्याखाली

पहाटेच्या धुक्यात तलावाच्या पाळीवरून यामिनी दिघोरे चालू लागली की तिच्या पुढचे दिवे एकेक करून निळे होत जात.

पहिल्या दिवशी तिला ते फार सुंदर वाटलं होतं. पाणी दिसत नव्हतं, आभाळ दिसत नव्हतं, नुसता दिव्यांचा एक धागा धुक्यात तरंगत होता आणि तिच्या पावलांबरोबर तो रंग बदलत होता. जणू कुणी तिला वाट दाखवत होतं. मग तिला पाळीखाली शिंगाड्याच्या डोंग्यात बसलेला माणूस दिसला. तो हातातलं वल्हं तसंच धरून, मान खाली घालून, ती पुढे जायची वाट बघत होता. थोडं पुढे फुलं तोडणारी बाई झाडाआड सरकली. यामिनीने वळून पाहिलं. ती दूर गेल्यावर मागचे दिवे सावकाश पुन्हा पिवळे झाले होते.

यामिनी हवालदार होती. दिवे तिच्यासाठी निळे होत नव्हते, तिच्यामुळे होत होते.

पूर्व विदर्भातल्या देवतळी शहरात हे दिवे लागून वर्ष होत आलं होतं. त्यामागचं शास्त्र तसं साधं होतं आणि ते इथल्याच रानातून आलं होतं. ऐनाच्या झाडांवर कोसा रेशमाचे किडे वाढतात. त्यांच्यातला नर पतंग मादीचा गंध फार लांबून ओळखतो. हवेत त्या गंधाचे मोजके कण असले तरी त्याच्या डोक्यावरच्या पिसासारख्या शृंगिकांना ते कळतात. शहरातल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. मृणाल बिडवाई यांनी त्या शृंगिकांमधलं, गंध पकडणारं प्रथिन वेगळं केलं, त्यात फेरफार केले आणि ते एका पातळ पापुद्र्यावर वाढवलं. आता ते पतंगाच्या मादीचा नव्हे, माणसाच्या भीतीचा गंध पकडत होतं.

भीतीला गंध असतो. उन्हात राबून येणारा घाम वेगळा आणि घाबरल्यावर फुटणारा वेगळा. भीतीने रक्तात जे रसायन उसळतं, त्याने काखेतल्या निराळ्या ग्रंथी जाग्या होतात आणि त्यांच्या घामातले काही रेणू हवेत पसरतात. आपल्या नाकाला ते कळूनही कळत नाहीत. पापुद्र्याला कळतात. रेणू चिकटला की त्यातून वाहणारा वीजप्रवाह किंचित बदलतो आणि हळदीसारखा पिवळा दिवा जवसाच्या फुलासारखा निळा होतो. कोण घाबरलं, कुणाला घाबरलं, का घाबरलं, यातलं काही दिव्याला कळत नाही. तेवढं एकच कळतं, की इथे कुणीतरी घाबरलेलं आहे.

दिवा निळा झाला की जवळच्या केंद्राला पत्ता कळे आणि तिथून दोघे जण सायकलवर येत. त्यांच्या हातात काठी नसे, अंगावर गणवेश नसे. खांद्याच्या पिशवीत पाणी, मलमपट्टीचं सामान आणि एक शाल. येऊन ते पहिला प्रश्न विचारत, "सोबत हवी का?" त्यावरून त्या सेवेचंच नाव 'सोबत' पडलं आणि ती माणसं सोबती झाली. यामिनीचा नवरा भूषण त्यांच्यातलाच एक. पूर्वी तो दवाखान्यात परिचारक होता.

भूषणनेच तिला त्या चोराची गोष्ट सांगितली होती. बाजारामागे एक माणूस बंद दुकानाचं कुलूप तोडत होता. डोक्यावरचा दिवा निळा झाला. सोबती धावत आले, आजूबाजूची माणसं चादरी गुंडाळून बाहेर आली. कुणाला काय झालं म्हणून सगळे शोधू लागले, तर अख्ख्या गल्लीत घाबरलेला एकच माणूस होता, तो चोर! भूषणने त्याच्या खांद्यावर शाल टाकली, त्याला पायरीवर बसवलं. तो रडायलाच लागला. आता तो मासळीबाजारात बर्फ फोडायच्या कामाला होता.

यामिनी ते ऐकून खूप हसली होती. मग भांडी विसळता विसळता तिच्या मनात आलं, हा आपल्या हाती लागला असता तर आज कुठे असता?

महापालिकेत आता मोठा प्रश्न आला होता. राज्य सरकारने देवतळीला मुभा दिली होती. सभागृहाने ठराव केला तर शहरातल्या सगळ्या पोलीस चौक्या बंद होतील, शहराची सुरक्षा सोबतकडे जाईल आणि पोलीस फक्त जिल्ह्याच्या मुख्यालयात, मोठ्या गुन्ह्यांपुरते राहतील. पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या फाटकापाशी तोच विषय होता. तोवर चाचणी म्हणून नियम असा होता, की सोबतने बोलावल्याशिवाय पोलिसांनी कुणाच्या दारात जायचं नाही.

घरी मात्र त्या दोघांमध्ये हा विषय निघत नसे. निघाला की ताटातलं गार व्हायचं.

*

कार्तिकात त्यांच्या गल्लीतही दिवे लागले. गल्ली शहराच्या टोकाला, तलावाला लागून. पहिल्याच संध्याकाळी यामिनी कामावरून आली, अंगणात बूट काढले आणि आत गेली. सासरे, सोमाजी, ओसरीवर बसून जाळं विणत होते.

"आलीस काय, पोरी?" ते नेहमीसारखं म्हणाले.

"आले, मामाजी."

तेवढ्यात फाटकाशी सायकल आपटली. भूषण जोडीदाराला मागे टाकून धापा टाकत आत आला. त्याच्या पिशवीतली शाल अर्धी बाहेर लोंबत होती.

"काय झालं? कोण आहे घरात?"

"कोण असणार? आम्हीच."

"मला आपल्याच घराचा पत्ता आला." त्याने बाहेर बोट दाखवलं.

फाटकाजवळचा दिवा निळा होता. अंगणातली तुळस, दोरीवरचे कपडे, सोमाजींची पांढरी दाढी, सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. भूषणने घर पाहिलं, मागची न्हाणी पाहिली. कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भूषण घरीच होता, तरी तेच झालं. तिसऱ्या दिवशी यामिनी गल्लीच्या तोंडाशीच उभी राहिली. दिवा पिवळा होता. ती घरात शिरली, दिवा निळा झाला. ती बाहेर आली, थोड्या वेळाने दिवा पिवळा झाला.

पहिल्या दिवशी भूषण घरात नव्हता, हे तिच्या ध्यानातच आलं नाही; रोज 'पोरी' म्हणणाऱ्या मामाजींचा तर तिला विचारही शिवला नाही. त्या संध्याकाळी ती भूषणसमोर बसली. "खरं सांग. माझी भीती वाटते तुला?"

"वेडी आहेस का?"

"मी ओरडते कधीकधी. चौकीतला आवाज घरी येतो माझा. मला माहीत आहे. सांग ना."

"नाही वाटत, यामिनी. वाटत असती तर मला कळलं असतं."

"दिव्याला कळतं. आपल्याला कळतंच असं नाही."

भूषणने दाराबाहेरच्या दिव्याकडे पाहिलं. तोही तोच विचार करत होता, हे तिला दिसलं. ते दिसलेलं तिला सहन झालं नाही, म्हणून ती उठून ओसरीवर आली. सोमाजींनी जाळं बाजूला ठेवलं होतं. त्यांचे हात मांडीवर होते.

"त्याला काहून विचारतेस, पोरी," ते म्हणाले. "मी आहे तो."

यामिनी खाली बसली.

"मी तेव्हा विशीतला होतो. तलावाच्या ठेक्यावरून भांडण झालं होतं. ठेकेदाराची मासळी कुणीतरी रातोरात काढून नेली. आम्ही चौघं सापडलो. दुसऱ्या गावचं ठाणं होतं, ते आता राहिलंही नाही. तिथे..." ते थांबले. "बाहेरून बुटांचा आवाज यायचा. दाराशी थांबायचा. बस, तेवढंच सांगतो."

"मामाजी, इतकी वर्षं झाली लग्नाला! तुम्ही मला एकदाही..."

"तू घरात आलीस तेव्हा मी स्वतः नारळ फोडला. मला तुझी भीती वाटत नाही, बाई. देवाशपथ नाही वाटत. ह्या अंगाला वाटते. अंगाला मी काय सांगू? ते ऐकतच नाही."

दुसऱ्या दिवसापासून यामिनी चौकीतच गणवेश बदलून साध्या साडीत घरी येऊ लागली. दिवा पिवळा राहू लागला. घरात सगळं ठीक होतं, आणि तिला मात्र आपण आपलंच काहीतरी चोरून लपवून आत येतो आहोत असं वाटत होतं.

चारसहा दिवसांनी सोमाजीच म्हणाले, "असं नको करू. तो ड्रेस घालून ये. माझ्याजवळ बस थोडी. अंगाला सवय लागते का बघू."

मग रोज दिवस मावळताना ती खाकी घालून त्यांच्याशेजारी घाटाच्या पायरीवर बसू लागली. पाण्यावरून धूर उठल्यासारखं धुकं यायचं. बदकं कमळाच्या पानांतून आवाज न करता सरकायची. सोमाजी तिला माशांच्या गोष्टी सांगायचे. कोणता मासा चंद्राला फसतो, कोणता चिखलात झोपून उन्हाळा काढतो. ती ऐकत असे. डोक्यावर दिवा निळा असे. तो एकदाही पिवळा झाला नाही. पण एका संध्याकाळी गोष्ट सांगता सांगता त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. त्यांचा तळवा घामाने ओला होता. पलीकडच्या काठावरून कुणी पाहिलं असतं तर त्या निळ्या उजेडात एक म्हातारा आणि एक पोलीस बाई झोपेत बसल्यासारखी दिसली असती.

*

चौकीसमोर सुचिता बावणे उकडलेले शिंगाडे विकत असे. रोज सकाळी यामिनी तिच्याकडून पुडा घ्यायची. सुचिता हसून बोलायची, पण उन्हातही लांब बाह्यांचं पोलकं घालायची. तिच्या शेजारणीने दोनदा सोबतकडे तक्रार केली होती. दोन्ही वेळा भूषण जाऊन आला होता.

"तिच्या घरापाशी दिवा पिवळा आहे," भूषण म्हणाला. "मी तासभर बसलो. नवरा चहा करत होता. ती म्हणाली, काही नाही भाऊ, शेजारणीला सवय आहे. एकदाही निळा झाला नाही दिवा."

"मी जाऊन येते."

"तू गेलीस तर निळा होईल. तुला बघून! मग तिच्या घरात भीती आहे की नाही हे कधीच कळणार नाही. आणि नियमही नाही तसा."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. वर्षभर तिने पाळीवरचे दिवे पाहिले होते, मामाजींचा तळवा हातात घेतला होता. आपण गेल्याने बिघडेलच, असं तिला आता खरोखर वाटू लागलं होतं. ती गेली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका रात्री सुचिताला दवाखान्यात आणलं तेव्हा तिच्या डोक्याला बारा टाके पडले आणि डावा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये गेला. शेजारच्यांनी दार मोडून तिला बाहेर काढलं होतं. सोबतचं बोलावणं नसल्याने चौकीतून कुणी गेलं नाही; नवऱ्याला पकडायला मुख्यालयातून गाडी यावी लागली.

सकाळी यामिनी आणि भूषण दोघंही तिच्या खाटेपाशी गेले. खिडकीतून मऊ ऊन येत होतं. सुचिताचा चेहरा सुजलेला होता, पण आवाज अगदी शांत होता.

"ताई," भूषण म्हणाला, "मी आलो होतो तेव्हा... दिवा पिवळाच होता. काल सुद्धा. मी तपासलं."

"असणारच, भाऊ."

"म्हणजे?"

"पहिली दोन वर्षं घाबरले मी. खूप घाबरले. मग ते संपलं. कढईतलं पाणी आटतं ना, तसं. मारायला उठला की मी भिंतीवरची पाल बघत बसायची." तिने डोळे मिटले. "तुमचा दिवा वर्षभराआधी लागायला पाहिजे होता."

भूषण बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसला. यामिनी त्याच्याजवळ बसली. तो रागावेल, रडेल, असं तिला वाटलं होतं. त्याने फक्त पिशवीतली शाल काढली, तिची नीट घडी घातली आणि पुन्हा आत ठेवली.

"मी जायला हवं होतं," ती म्हणाली.

"मी तुला अडवलं."

"मी अडले."

*

सभागृहातल्या चर्चेच्या दिवशी बसायला जागा नव्हती. महापौरांनी व्यासपीठावर एक दिवा टांगून ठेवला होता. ज्यांना बोलायचं होतं ते बोलले. एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, माझ्या मुली आता तलावावर एकट्या फिरतात. एक सराफ म्हणाले, उद्या हत्यारबंद टोळी आली तर हे शाली पांघरवणार का? लोक हसले. डॉ. बिडवाई एवढंच म्हणाल्या, "मी फक्त एक नाक बनवलं आहे. डोकं तुमचं."

चौकीच्या ठाणेदारसाहेबांनी यामिनीचं नाव दिलं होतं. तिने पोलिसांच्या बाजूने बोलावं, सुचिताचं सांगावं, एवढंच त्यांनी बजावलं होतं. ती पूर्ण गणवेशात व्यासपीठावर गेली आणि दिवा निळा झाला.

"बघा, बघा!" मागून कुणीतरी ओरडलं. "सभागृहच घाबरलं!"

मोठा हशा झाला. यामिनीने तो विरू दिला.

"ही भीती तुमची नाही," ती म्हणाली. "माझी आहे. मी आज पहिल्यांदा इतक्या लोकांसमोर उभी आहे. पण दिव्याला ते सांगता येत नाही, म्हणून तुम्ही तुम्हाला हवं ते समजलात. मी पण वर्षभर तेच केलं."

तिने सासऱ्यांचं सांगितलं. सकाळी त्यांना विचारून आली होती. घाटाच्या पायरीचं सांगितलं. "रोज बसलो आम्ही. तो दिवा पिवळा झाला नाही. होणारही नाही. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांच्या अंगात जे घातलं ते माझ्या मायेने निघत नाही. असे या शहरात किती असतील, ते मला रोज पहाटे पाळीवर दिसतं."

ठाणेदारसाहेब जागेवर चुळबुळले.

मग तिने सुचिताचं सांगितलं. भिंतीवरच्या पालीचं सांगितलं. तिसऱ्या रांगेत भूषण मान खाली घालून बसला होता.

एक नगरसेवक उठले. "बाई, तुम्ही दोन्हीकडचं बोलता. स्पष्ट सांगा. चौक्या राहाव्यात की जाव्यात?"

यामिनीने क्षणभर समोर पाहिलं. अठरा वर्षं तिने हा पट्टा कमरेला बांधला होता. वडील वारले त्या दिवशीही ती बांधूनच बंदोबस्तावर उभी होती.

"जाव्यात," ती म्हणाली.

एकच गलका झाला. तिने हात वर केला.

"पण निळ्या दिव्याकडे आता पुष्कळ जण धावतात. पिवळ्या दिव्याखाली कोण जाणार, ते आज ठरवा. जिथे कुणी बोलावत नाही, कुणी ओरडत नाही, कुणी घाबरतही नाही, अशा दारात जाऊन उभं राहणारं कुणीतरी नेमा. त्याला दार वाजवायचा हक्क द्या. संशय आला तर न्यायाधीशांना विचारून आत जायचा हक्क द्या. तेवढं नसेल तर माझी चौकी मला राहू द्या, कारण मग ती वाईट असली तरी तेवढीच आहे."

बाहेर पायऱ्यांवर ठाणेदारसाहेबांनी तिला गाठलं. ते रागावलेले नव्हते, थकलेले दिसत होते. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास, दिघोरे."

"हो, साहेब."

"सासऱ्यांना नमस्कार सांग," ते म्हणाले आणि गाडीत बसले.

ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला. तिची सूचना दुरुस्ती म्हणून त्यात घातली गेली. नव्या विभागाला काय नाव द्यावं यावर बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी एका वयस्कर नगरसेविकेने सुचवलेलं साधं नाव राहिलं: विचारपूस. माघ महिन्यात चौकीला कुलूप लागलं. मुख्यालयात बदली घ्यायची की नोकरी सोडायची, असं यामिनीला विचारण्यात आलं. तिने नोकरी सोडली आणि विचारपूसमध्ये नाव नोंदवलं. गणवेश परत करताना तिने तो धुऊन, इस्त्री करून दिला. घरी येऊन ती खूप वेळ मागच्या अंगणात बसली. भूषणने तिला हाक मारली नाही. चहा आणून ठेवला आणि शेजारी बसला. पूर्वी न बोललेलं सगळं त्या दिवशीही ते बोलले नाहीत, पण ताटातलं गार झालं नाही.

कामाच्या पहिल्या सकाळी ती पेठेमागच्या एका बोळात गेली. धुकं छपरांवर अडकून राहिलं होतं. कुठेतरी रेडिओ लागला होता. शेवटचं घर हिरव्या दाराचं. तिथल्या बाईला गेले काही दिवस नळावर कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच तिला कळलं होतं.

तिने कडी वाजवली.

"कोण?" आतून पुरुषाचा आवाज आला.

अठरा वर्षं या प्रश्नाला तिच्याकडे एकच शब्द होता आणि त्या शब्दाने प्रत्येक दार लगेच उघडायचं. तो ओठांवर आला. तिने तो आत ढकलला.

"मी यामिनी. तलावाकडच्या सोमाजी दिघोऱ्यांची सून. विचारपूस करायला आले."

"आम्ही कुणाला बोलावलं नाही."

"माहीत आहे. म्हणूनच आले."

"सगळं ठीक आहे इथे. जा तुम्ही."

"बरं," ती म्हणाली. "चालून दमले आहे. जरा बसते पायरीवर."

ती बसली. आत पावलं इकडून तिकडे गेली, थांबली, पुन्हा फिरली. मग मागच्या बाजूचं दार आपटल्याचा आवाज आला आणि एक सायकल बोळातून दूर गेली. सगळं निवांत झालं. धुक्यातून ऊन खाली उतरू लागलं. यामिनी उठली नाही.

बऱ्याच वेळाने हिरव्या दाराच्या फटीशी काहीतरी सरकलं. आतलं माणूस जमिनीवर बसलं असावं, इतक्या खालून एका बाईचा आवाज आला.

"बाई, आहात ना? जाऊ नका."

"नाही जात," यामिनी म्हणाली आणि दाराला पाठ टेकून बसली.